मांडुळाचा सौदा आणि साप पाळण्याचा शौक

नवीन धंद्याला ऐकल्याबरोबर नावे ठेवणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे. आधी माल पाहावा, भाव विचारावा, हिशेब मांडावा आणि मगच खिशात हात घालावा. कापडाच्या व्यवसायात आमची उभी हयात गेली. तोच तजुर्बा घेऊन आज आम्ही एका वेगळ्याच मालाविषयी लिहीत आहोत. तो माल म्हणजे साप.

पेठच्या बाजारात शिलाईकाम करणारा आमच्या ओळखीचा एक नौजवान मागच्या पावसाळ्यात दुकानी आला. वीस हजार रुपये उधार हवे होते. कशासाठी, तर मांडूळ घ्यायला! कोणीतरी त्याला सांगितले होते की हा दोन तोंडांचा साप वजनावर लाखांत जातो, शहरातला घेणारा तयार आहे, फक्त बयाणा भरायचा. पुढे घरीच पिले काढली तर पिढ्यान्‌पिढ्यांची ददात मिटेल. आम्ही चहा मागवला आणि तीनच प्रश्न विचारले. माल कोणाचा? पावती मिळेल का? घेणारा कोण? एकाचेही उत्तर त्याच्याजवळ नव्हते. नव्या मशीनसाठी साठवलेले पाच हजार मात्र त्याने आधीच देऊन टाकले होते. ते गेले ते गेलेच. तक्रार करावी तर स्वतःच आरोपी ठरायचा. हा ठकबाजीचा धंदा चालतो तो याच भीतीवर.

आता माल पाहू. मांडुळाला दोन तोंडे नसतात. त्याची शेपटी बोथट असल्यामुळे ती तोंडासारखी दिसते. तो बिनविषारी आहे, भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो आणि अंडी न घालता पिले देतो. गुप्तधन दाखवणे, असाध्य रोग बरे करणे या साऱ्या थापा आहेत. वजन वाढावे म्हणून या मुक्या जनावराच्या पोटात नाही नाही ते कोंबल्याचे प्रकारही घडले आहेत. अशा कमाईत बरकत कुठून येणार?

कायदा तर स्पष्टच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ, नाग, घोणस, धामण, अजगर या आपल्याकडच्या सापांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. रानात सापडला, शेतात सापडला, ही सबब चालत नाही.

मग कोणी म्हणेल, परदेशी साप पाळला तर? याचे उत्तर वेगळे आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन हा बिनविषारी साप हौशी लोक पाळतात. त्यासाठी आता कागद लागतो. कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील अशा परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. नियम 2024 साली निघाले. नवा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, आणि पिले झाली तर तीही कळवायची. विकणाऱ्याकडे नोंदीचा कागद नसेल तर तो माल चोरवाटेने आलेला समजावा. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून असे साप वरचेवर पकडले जातात.

कागद झाला तरी हिशेब उरतोच. हा साप वीस-तीस वर्षे जगतो. मादी पिलांना तयार व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. एका वेळी सहाच्या आसपास अंडी, आणि ती जवळजवळ दोन महिने 31-32 अंशांच्या उबेत ठेवायची. आपल्या नाशिक जिल्ह्यात थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, पावसाळ्यात वीज जाते. घट्ट झाकणाची पेटी, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, लपायला जागा, पाणी, उंदरांचा खुराक आणि सापाचा इलाज जाणणारा डॉक्टर, एवढी तयारी हवी. शौक म्हणून एक साप सांभाळायला हरकत नाही. पोटापाण्याचा धंदा म्हणून भांडवल यात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सापावर हलाल रोजी मिळतच नाही असेही नाही. तामिळनाडूतील इरुला आदिवासी पूर्वी सापाच्या कातड्यावर जगत. कायद्याने तो व्यापार बंद केला. तेव्हा 1978 साली त्यांनी सहकारी संस्था काढली. सरकारच्या परवानगीने साप पकडायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचे आणि पुन्हा रानात सोडायचे. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. त्यांच्यातील दोघांना 2023 साली पद्मश्री मिळाली. हुन्नर जुनाच होता, फक्त तो कायद्याच्या चौकटीत आणला.

पेठ हा भात-नागलीचा मुलूख. येथे धामण बांधावर उंदीर मारते म्हणून कणगीत दाणा राहतो, आणि आमच्या गोदामातले तागेही कुरतडल्यावाचून राहतात. तिला पिंजऱ्यात घालण्यापेक्षा बांधावर राहू देण्यातच आपला नफा आहे. घरात साप निघाला तर काठी उचलू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आणि नौजवानांना एवढीच विनंती की, ज्या मालाची पावती देता येत नाही, त्या मालाचा बयाणा देऊ नका. त्या पाच हजारांत आणखी थोडी भर पडली असती, तर आज त्या मुलाच्या दुकानात दुसरी मशीन चालली असती.