देखणे गाणे कुणाचे?

तमिळ दिग्दर्शक गाणी फार सुंदर चित्रित करतात, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येते की आता त्याला कुणी पुरावाही मागत नाही. मणिरत्नम यांचा 'रोजा' (१९९२) हिंदीत डब होऊन आला तेव्हापासून हे मत मराठी घरांत रुळले. त्याआधी माटुंग्याच्या अरोरा चित्रपटगृहात जाऊन भाषा न कळताही तमिळ चित्रपट पाहणारे काही शौकीन होते. त्यांचेही म्हणणे हेच असे. आम्ही या कौतुकाला विरोध करायला बसलेलो नाही. आमची तक्रार एवढीच आहे की हे कौतुक अर्ध्या वाटेवर थांबते. गाणे किती छान दिसले एवढे सांगून लोक उठतात. गाण्यात कोण दिसले, कोणाला बाजूला उभे केले आणि त्या देखणेपणाच्या आडून आपल्या गळी काय उतरवले, हे कोणी विचारत नाही. हे विचारल्याखेरीज चित्रण चांगले की वाईट याचा निकाल लागूच शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्याआधी आपल्याकडच्या जाणकारांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. गाणे म्हणजे कथेतला अडथळा, ते काढून टाकले की चित्रपट शहाणा होतो, असे ही मंडळी मानतात. त्यांनी एस. एस. वासन यांचा 'चंद्रलेखा' (१९४८) आठवावा. हा चित्रपट हिंदीतही आला होता. त्यातले नगाऱ्यांवरचे नृत्य भव्यतेसाठी गाजले. पण त्या भव्यतेला कथेत काम होते. प्रचंड नगाऱ्यांवर नर्तकी नाचतात, राजवाड्यातली मंडळी खूश होऊन पाहत राहतात, आणि त्याच नगाऱ्यांच्या पोटातून सैनिक बाहेर पडतात. नाच काढून टाका, कथा तिथेच कोलमडेल. श्रीधर यांनी 'नेंजिल ओर आलयम' (१९६२) मध्ये याच्या अगदी उलट केले. जवळजवळ सगळा चित्रपट एका इस्पितळात घडतो. बाग नाही, नदी नाही, डोंगर नाही. आजारी नवरा, त्याची बायको आणि तिच्यावर एकेकाळी प्रेम केलेला डॉक्टर. गाणी त्या भिंतींच्या आतच होतात आणि त्यांतून माणसांची घुसमट वाढत जाते. श्रीधर यांनीच हिंदीत 'दिल एक मंदिर' (१९६३) केला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. तेव्हा गाणे कथेच्या आड येते हा आरोप गाण्यावर करू नये, ते आणणाऱ्या दिग्दर्शकावर करावा.

गाण्याच्या चित्रणात किती ताकद असते हे तमिळनाडूत राजकारण्यांना टीकाकारांच्या आधी कळले. 'एंग वीट्टु पिळ्ळै' (१९६५) हा एम. जी. रामचंद्रन यांचा दुहेरी भूमिकेचा चित्रपट. दिग्दर्शक तापी चाणक्य यांनीच पुढे हीच कथा हिंदीत दिलीपकुमारांना घेऊन 'राम और श्याम' (१९६७) म्हणून केली. तमिळ चित्रपटात एमजीआर हातात चाबूक घेऊन जिन्यावरून चढतात, उतरतात आणि आपल्या हाती हुकूमत आली तर गरिबांसाठी काय करू ते गाऊन सांगतात. जिना, चाबूक आणि खाली भेदरलेला खलनायक. एवढ्या तीन गोष्टींत सगळे आले. वर कोण आणि खाली कोण, हे निरक्षर माणसालाही कळत होते. १९७७ साली एमजीआर मुख्यमंत्री झाले आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचा जनमानसावरचा पगडा सुटला नाही. केवळ गाण्यांनी सत्ता मिळाली असे आम्ही म्हणत नाही. पक्ष होता, संघटना होती, द्रविड चळवळीची पुण्याई होती. पण ज्या राज्यात गाण्यातला जिना सचिवालयापर्यंत पोहोचला, तिथले गाणे 'नुसती करमणूक' आहे असे आम्हांला कोणी सांगू नये.

नंतर भारतीराजा आले. '१६ वयदिनिले' (१९७७) मध्ये त्यांनी कॅमेरा स्टुडिओच्या बाहेर, खऱ्या गावात नेला. पुठ्ठ्याचे झाड जाऊन खरे झाड आले, गुळगुळीत अंगण जाऊन धूळ आली, आणि इळयराजांच्या संगीताला पाय टेकायला माती मिळाली. बालू महेंद्र आणखी पुढे गेले. त्यांच्या गाण्यांत पात्रे बहुधा ओठ हलवत नाहीत. ती चालतात, बसतात, एकमेकांकडे पाहतात आणि गाणे त्यांच्या मागून वाहत राहते. 'मून्ड्राम पिरै' (१९८२) आणि त्याचे हिंदी रूप 'सदमा' (१९८३) ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. याच माणसाने 'वीडु' (१९८८) या चित्रपटात एकही गाणे ठेवले नाही, कारण घर बांधू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय मुलीच्या त्या गोष्टीला त्याची गरज नव्हती. गाणे कुठे नको हे ज्याला कळते, त्यालाच ते कुठे हवे हे कळते.

आता मणिरत्नम यांच्याकडे येऊ. 'रोजा'मधल्या लग्नाच्या रात्रीच्या गाण्यात त्यांनी म्हाताऱ्या बायकांना नाचवले. सुरकुतलेले चेहरे, पडलेले दात आणि थट्टेला आलेला ऊत. ज्या बायकांना चित्रपटात रडण्यापलीकडे काम नसते, त्यांना त्यांनी गाण्याचे मालक केले. हे पाहून आम्हांला खरोखर आनंद झाला होता.

मग १९९५ साली 'बॉम्बे' आला आणि आमच्यासारख्या प्रेक्षकांची पंचाईत झाली. त्यातले लग्नघरातले गाणे घ्या. हिंदी पडद्याने मुसलमानाचे घर म्हणजे झुंबर, नवाब, मुजरा आणि कव्वाली असे ठरवून टाकलेले. इथे तमिळ किनाऱ्यावरच्या गावातले साधे मुसलमान दिसतात. बाप विटा पाडणारा. मुली हसतात, लपतात, एकमेकींना कोपराने ढोसतात. शैला बानो नाचता नाचता पाहुण्या हिंदू मुलाकडे चोरून पाहते. राजीव मेनन यांचा कॅमेरा या घरात पाहुण्याच्या अदबीने शिरतो. लखनौशी काही देणेघेणे नसलेला, आपल्या प्रदेशाची भाषा बोलणारा मुसलमान इतक्या आपुलकीने पडद्यावर क्वचितच आला असेल. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला याचे मोल जास्त कळते, कारण मराठी पडद्यावर तो अजूनही बहुधा मोडक्या हिंदीतच बोलतो.

पण त्याच चित्रपटातले बेकलच्या किल्ल्यावरचे गाणे पाहा. पावसाळी आभाळ, काळे दगड, खाली उसळणारा समुद्र. शेखर तिची वाट पाहत गातो आहे. ती धावत येते, तिचा बुरखा एका लोखंडी नांगरात अडकतो, ती तो तिथेच सोडते आणि त्याच्याकडे जाते. चित्रण इतके विलक्षण आहे की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. नेमका तिथेच आमचा आक्षेप आहे. ओलांडायची रेषा तिची, सोडायचे तिने, वाट पाहत उभे राहायचे त्याने. बुरख्याविषयी आमच्या घरांत आमचा वाद चालू आहे, आणि तो आमच्या बायकांनी स्वतःच्या तोंडाने मांडलेला आहे. कुणाला तो नको आहे, कुणाला हवा आहे, दोघींपाशी कारणे आहेत. हा वाद नांगराच्या टोकाने सुटत नाही. संवादात हीच गोष्ट आली असती तर कोणीतरी उलट प्रश्न केला असता. गाण्यात आली म्हणून कोणी केला नाही. सूर आणि पाऊस यांच्यापुढे माणूस वाद घालत नाही. म्हणून कुशल दिग्दर्शकाकडे जास्त डोळसपणे पाहिले पाहिजे. अडाणी दिग्दर्शकाचे खोटे चटकन उघडे पडते, कुशल माणसाचे पडत नाही.

तरीही मणिरत्नम गाण्यात काहीतरी म्हणतात. शंकर यांची गोष्ट निराळी. त्यांच्या कारागिरीविषयी आम्हांला शंका नाही. 'अन्नियन' (२००५) मधल्या एका गाण्यासाठी त्यांनी गावातली घरे, रस्ता आणि लॉऱ्या रंगवून काढल्या, ती कल्पना गमतीची होती. पण 'जीन्स' (१९९८) मध्ये एका गाण्यात चीनच्या भिंतीपासून आयफेल टॉवरपर्यंत जगातली आश्चर्ये दाखवून झाली, आणि त्या गाण्यात प्रेमाविषयी आम्हांला काय नवे कळले? 'एंदिरन' (२०१०) मधल्या गाण्याला नाव आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताचे आणि चित्रण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, इंकांच्या माचू पिच्चूवर. नायक-नायिकेभोवती पिसे-मणी घातलेले 'आदिवासी' नाचतात. ते कोणत्या खंडातले, याची फिकीर निर्मात्याला नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यालाही नाही. दुसऱ्यांच्या संस्कृतीचा असा चोथा आपल्या देवळा-दर्ग्यांचा कोणी केला असता तर आपण मोर्चे काढले असते.

यावर एक उत्तर नेहमी येते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दिवसभर राबणारा माणूस तिकीट काढून येतो, त्याला जन्मात पॅरिस दिसणार नाही, त्याला पाच मिनिटे तरी पाहू द्या की. हे आम्हांला मान्य आहे. गरिबाच्या स्वप्नावर पोटभर जेवलेल्या माणसाने कर बसवू नये. पण त्या स्वप्नात तो गरीब असतो का, एवढे तरी पाहाल की नाही? 'शिवाजी' (२००७) मध्ये नायिका नायकाला काळा म्हणते आणि तो गोरा होण्याचा खटाटोप करतो. मग स्पेनमध्ये चित्रित झालेल्या गाण्यात रजनीकांत खरोखर गोरे होऊन नाचतात. गोऱ्या स्त्रीच्या त्वचेचा रंग संगणकाच्या साहाय्याने त्यांच्या अंगावर चढवला होता. विनोद म्हणून सोडून द्या, असे सांगितले जाते. पण तमिळनाडूतल्या लाखो सावळ्या पोरांनी ज्या माणसात आपला चेहरा पाहिला, त्याचाच रंग धुऊन काढायचा आणि त्याच पोरांकडून शिट्ट्या वसूल करायच्या, याला आम्ही स्वप्न म्हणत नाही.

दुसरा रस्ता नव्हता असे नाही. मणिरत्नम यांनीच 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल' (२००२) मध्ये श्रीलंकेतले तमिळ लोक गाव सोडून निघतात त्यावर गाणे केले. त्यात नाच नाही, नायक-नायिका नाहीत. बोचकी, म्हातारे, पोरे आणि मागे राहिलेली घरे. रहमान यांनी त्यासाठी एम. एस. विश्वनाथन यांचा थकलेला आवाज घेतला. चेरन यांनी 'ऑटोग्राफ' (२००४) मध्ये अंध कलावंतांच्या खऱ्या वाद्यवृंदाला गाण्यात आणले. त्या गाण्यासाठी गीतकार पा. विजय आणि गायिका चित्रा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) मध्ये वरच्या जातीचे लोक दलित पोराची कुत्री रेल्वेच्या रुळाला बांधून मारतात, आणि सगळी वस्ती तिची प्रेतयात्रा काढते. त्या शोकगीतात जे सांगितले आहे, ते पानेच्या पाने लिहून आम्हांला सांगता येणार नाही.

आणि त्याच वर्षी आलेला पा. रंजित यांचा 'काला' तर थेट आपल्या धारावीत घडतो. इथे तेच रजनीकांत आहेत, आणि काळा रंग त्यांनी अभिमानाने अंगावर घेतला आहे. पांढरा रंग आहे तो जमीन बळकावणाऱ्या नाना पाटेकरांच्या अंगावर. काला आणि त्याची जुनी प्रेयसी झरीना, दोघांचे वय उलटलेले. त्यांच्यावरचे गाणे नाचाविना, जुन्या दुखण्यासारखे हळू सरकते. झरीना मुसलमान आहे, पण तिला त्यासाठी काही काढावे लागत नाही आणि काही सिद्धही करावे लागत नाही. शेवटी वस्तीतली माणसे काळा, लाल आणि निळा रंग उधळतात आणि खलनायक त्या रंगांत बुडून जातो. ज्या नटाला ११ वर्षांपूर्वी गाण्यात गोरे केले होते, त्यालाच गाण्याने त्याचा रंग परत दिला. पैसा दोन्ही ठिकाणी होता, तंत्र दोन्ही ठिकाणी होते. फरक कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोणाची चाड आहे, यात होता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मराठी निर्माते आता गाण्यासाठी परदेशी तुकड्या नेऊ लागले आहेत, आणि 'साउथसारखे भव्य' हे त्यांचे ब्रीद झाले आहे. त्यांनी दक्षिणेकडून जरूर शिकावे, पण 'जीन्स'ऐवजी 'काला'कडून शिकावे. समीक्षकांनी गाण्यांविषयी 'नेत्रसुखद' हा एक शब्द लिहून सुटका करून घेऊ नये. आणि प्रेक्षकांनी, विशेषतः ज्यांना पडद्यावर स्वतःचा चेहरा क्वचितच सापडतो अशा आपण सर्वांनी, पुढचे देखणे गाणे पाहताना शिट्टी जरूर मारावी, पण आधी त्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत ते शोधावे.