गाडीचा रंग कोण ठरवतंय : आपण की आपली भीती?



माझा मामेभाऊ एसयूव्ही घेतोय. आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. मामांनी एसटीत कंडक्टरकी करून त्याला इंजिनिअर केलं, आता तो सात वर्षांचे हप्ते बांधून गाडी घेतोय. गेल्या रविवारी आम्ही सगळे शोरूमला गेलो. दादाचं बोट गडद निळ्या गाडीवर थांबलं आणि मामा हळूच म्हणाले, "निळा नको रे. पांढरा घे. गावात गाडी उभी केली की लगेच वळखतेत कुणाची हाय ते." तेवढ्यात सेल्समन जवळ आला. मामांनी वाक्य बदललं, "पांढऱ्याला रिसेल चांगली मिळती."

मला बोलायचंय ते या बदललेल्या वाक्याबद्दल.

पांढऱ्या रंगाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. मराठवाड्याच्या उन्हात पांढरी गाडी कमी तापते. अंधारात लांबून दिसते. काही कंपन्या मेटॅलिक रंगाचे जादा पैसे घेतात, साध्या पांढऱ्याला ते लागत नाहीत. गडद रंगावर धूळ आणि ओरखडे उठून दिसतात. जुन्या बाजारात पांढरी गाडी लवकर खपते, हेही खरं. यातल्या कुठल्याही कारणासाठी खुशाल पांढरी घ्या.

पण स्वतःला एक प्रश्न विचारा. माझं आडनाव दुसरं असतं, माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं, तर मी हाच रंग घेतला असता का? उत्तर 'हो' असेल तर विषय संपला. उत्तर 'नाही' असेल, तर तो रंग तुम्ही निवडलेला नाही. गावाने तुमच्यासाठी निवडलाय आणि पैसे मात्र तुम्ही भरताय.

मामांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला, निमित्त होतं मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. घोड्यावरून वरात काढली म्हणून नवरदेवावर दगड पडतात, हे आपण दरवर्षी वाचतो. वाहन ही आपल्यासाठी कधीच नुसती सोय नव्हती. मसूर स्टेशनवर बैलगाडीवाल्यांनी लहानग्या भीमरावाला आणि त्याच्यासोबतच्या पोरांना न्यायला नकार दिला होता. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनीच हाकली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांना नेलं नाही. वस्तीतल्या न शिकलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. ज्या समाजाला भाड्याची गाडी मिळत नव्हती, तो आज स्वतःची गाडी घेतो. आणि घेताना विचार करतो, ती आपली आहे हे कुणाला कळू नये!

यावर आपल्यातलेच काही शिकलेले भाऊ म्हणतील, "ओळख लपवली तर बिघडलं कुठे? डिसेंबर १९२७ला महाडला बाबासाहेबांनीच स्त्रियांना जुनी नेसण, जुने दागिने टाकायला सांगितलं होतं." बरोबर आहे. पण ते काय टाकायला सांगत होते? ज्या खुणा दुसऱ्यांनी आपल्यावर लादल्या होत्या, ज्यांवरून अस्पृश्य ओळखू यायचा, त्या खुणा. निळा रंग कुणी लादलेला नाही. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं आणि त्याचा निळा झेंडा आपण स्वतः खांद्यावर घेतला. लादलेली खूण फेकणं हा स्वाभिमान आहे. निवडलेली खूण लपवणं हा स्वाभिमान कसा होईल?

हे मी उंचावरून सांगत नाहीये. पुण्यात एमए करताना मी खोली शोधत होते. स्कूटीवर 'जय भीम'चं स्टिकर होतं, ते मी नखाने खरवडून काढलं. खोली पसंत पडली, मालकिणीने चहासुद्धा दिला. मग आडनाव विचारलं. मग गाव. मग "गावात कुठे?" दुसऱ्या दिवशी फोन आला, खोली दुसऱ्यांना दिली. स्टिकरही गेलं आणि खोलीही गेली. समाजशास्त्रात गॉफमन नावाच्या विचारवंताने कलंक लपवण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मला ते त्या दिवशी न वाचता कळलं. जात विचारणाऱ्याकडे दहा प्रश्न असतात. आपण कितींची उत्तरं खरवडून काढणार? भीतीवरचा इलाज रंगाच्या डब्यात नाही. तो संघटनेत आहे, १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आहे आणि पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेईपर्यंत न हलणाऱ्या कार्यकर्त्यांत आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. निळी गाडी घेतली, मागच्या काचेवर अशोकचक्र लावलं, १४ एप्रिलला डीजेमागे फिरवली की काम झालं, असं समजणाऱ्यांनीही थांबावं. १५ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी कमाईचा विसावा भाग धम्मासाठी मागितला होता. हप्ता भरताना तो आठवतो का? अत्याचार झालेल्या गावात रात्री कार्यकर्त्यांना पोचवायला, वस्तीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, पोरांना परीक्षेच्या केंद्रावर सोडायला ती गाडी निघते का? निघत नसेल तर ती निळी असून समाजाच्या काय कामाची? आणि निघत असेल तर पांढरी गाडीसुद्धा आपलीच.

दादाने अजून रंग कळवलेला नाही. शोरूमने शनिवारपर्यंत वेळ दिलाय. मी त्याला निळी घे म्हटलेलं नाही आणि पांढरी घे असंही नाही. एवढंच म्हटलं, "तू जो रंग घेशील त्याचं कारण मामांना सेल्समनसमोर मोठ्याने सांगता आलं पाहिजे."

तुम्हीही गाडी घ्याल तेव्हा एवढं करून बघा.

जय भीम! नमो बुद्धाय!