एक चूल, अनेक पाळणे

अपत्ये अधिक होऊ द्या, असा उपदेश जबाबदार व्यक्तींच्या मुखातून ऐकण्याची सवय आपल्या देशाला उरली नव्हती. १९५२ साली केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतल्यापासून दोन-तीन पिढ्या लाल त्रिकोणाच्या पाट्या वाचत वाढल्या आणि लहान कुटुंब हेच शहाणपणाचे लक्षण, ही गोष्ट वादाच्या पलीकडची मानली गेली. परंतु २०२४ साली आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी राज्य वृद्ध होत चालल्याच्या काळजीने, तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी लोकसभेतील जागा घटण्याच्या धास्तीच्या संदर्भात, आणि डिसेंबरात नागपूर येथे सरसंघचालक मोहन भागवत यांनी समाजाच्या अस्तित्वाचा प्रश्न म्हणून, हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. त्यांची चिंता निराधार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा प्रजननदर १.७ आढळला, आणि लोकसंख्या स्थिर राहावयाची तर तो २.१ च्या आसपास असावा लागतो.

आमच्या जिल्ह्यात हा विषय निघाला की बोलणाऱ्याचे बोट आपोआप लोकूरकडे वळते. धारवाड तालुक्यातील या खेड्यात नरसिंगनवर नावाचे एक जैन शेतकरी कुटुंब आहे; त्याची माणसे शंभरांच्या पुढे केव्हाच गेली, तरी कर्ता एक, हिशेब एक आणि शेती एक, ही रीत त्याने टिकवली, आणि म्हणूनच देशोदेशीचे वार्ताहर त्याच्या दारी येऊन गेले. या घराण्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले अशी परंपरा सांगतात. उलट बाजूने सोलापुरात सत्तरांहून अधिक माणसांचे दोईजोडे कुटुंब आहे, ते मूळचे कर्नाटकातले. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना मोठ्या खटल्याची घरे अशी अजून नांदत आहेत, आणि त्यांच्याविषयी आदर वाटत नाही असा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

हा आदर भाबडेपणाचा नव्हे. धारवाडची काळी जमीन बहुतांशी पावसावर अवलंबून. परतीच्या पावसाची ओल जमिनीत आहे तोवर रब्बीच्या ज्वारीची पेरणी उरकली तर उरकली, नाही तर वर्ष गेले. अशा वेळी ज्याच्या घरचीच दहा-वीस माणसे पहाटे पाभर घेऊन बाहेर पडू शकतात त्याला मजुरांच्या मागे धावावे लागत नाही, आणि ज्याचे शिवार वाटणीपत्राने तुकड्या-तुकड्यांत विभागलेले नाही त्याला प्रत्येक तुकड्यासाठी निराळी बैलजोडी, निराळी विहीर आणि निराळे कर्ज करावे लागत नाही. दुष्काळ पडला, तर घरातला जो मुलगा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात किंवा एखाद्या कचेरीत नोकरीस लागलेला असेल त्याचा पगार सगळ्या घराचे दाणे विकत घेतो. विधवा बहीण, अपंग पुतण्या, वेड लागलेला काका, अंथरुणाला खिळलेली आजी, यांच्यासाठी ज्या मुलुखात सरकारने फारशी तजवीज कधी केली नाही, त्या मुलुखात त्यांची तजवीज या माजघरांनी केली. आणि हे ऋण नाकारणारा मनुष्य कृतघ्न होय असे माझे स्पष्ट मत आहे.

या व्यवस्थेचे धर्मशास्त्रही आपल्याच भूमीत जन्मले. उत्तर चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य ज्या कल्याणात राज्य करीत होता, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढे बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानातील अविभक्त हिंदू कुटुंबाच्या मिळकतीचा निवाडा न्यायालयांनी तिच्याच आधारे केला. मुलगा जन्मतःच वडिलार्जित मिळकतीचा हिस्सेदार होतो, हे तिचे प्रमुख सूत्र. ते उदात्त आहे, कारण त्याने बापाची मनमानी रोखली. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की घरात प्रत्येक पाळणा हलला की आधीच्या प्रत्येकाचा हिस्सा तितका आकुंचन पावतो. एकत्र आहेत तोवर हे कोणाला जाणवत नाही. तकरार होऊन प्रकरण मामलेदाराच्या कचेरीत गेले, की पहाणीवर चढलेली नावे आणि प्रत्येकाच्या वाट्याची गुंठ्यांची जमीन पाहून घराण्याचा सारा गोतावळा अवाक् होतो.

येथे मला जे सांगावयाचे आहे त्याकडे मी येतो. मोठे कुटुंब म्हणताना आपण दोन अगदी भिन्न वस्तू एकाच नावाखाली आणतो: एका चुलीवर जेवणारी अनेक माणसे ही एक, आणि एका स्त्रीच्या उदरी जन्मलेली अनेक अपत्ये ही दुसरी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, ती एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, सामाईक देवपूजा आणि रक्ताचे वा लग्नाचे नाते एवढीच आहेत. कोणा स्त्रीने किती वेळा बाळंत व्हावे याचा त्यात उल्लेख नाही, आणि असण्याचे कारणही नाही. चार भाऊ वेगळे न निघता एकत्र राहिले आणि प्रत्येकाला तीन मुले झाली, तर आईवडील धरून बावीस माणसांचे घर होते, आणि त्या घरातील एकाही सुनेला चौथ्या बाळंतपणाच्या वाटेला जावे लागत नाही. लोकूरच्या ज्या गुणांची आपण वाखाणणी करतो, ते सारे भाऊबंदांच्या ऐक्यातून निघालेले आहेत. वाखाणणी मात्र अशी केली जाते की ऐकणाऱ्याला वाटावे, पाळण्यांची संख्या वाढली म्हणून हे घर उभे राहिले.

पाळण्यांचा हिशेब करावयाचा तर तो आयांच्या बाजूने करावा लागेल, आणि तो आपण क्वचितच करतो. पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील रोण येथे झाला. सोळा भावंडांत ते थोरले. त्यांचे वडील गुरुराज जोशी शाळामास्तर होते. सोळा मुलांच्या त्या घरातून अकरा वर्षांचा भीमसेन गुरूच्या शोधात पळाला, ग्वाल्हेरपर्यंत भटकला आणि अखेरीस कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी स्थिरावला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती अशी की त्याची जन्मदात्री लवकर वारली आणि त्याला सावत्र आईने वाढवले. साधनकेरीच्या काठी राहिलेले, घरी मराठी बोलणारे आणि कन्नड काव्याला शिखरावर नेणारे द. रा. बेंद्रे यांनी आपली अनेक अपत्ये बालवयातच गमावली. ते दुःख त्यांच्या कवितेत उतरले आणि कन्नड वाचकांना ते पाठ आहे. पूर्वीच्या घरी आठ-दहा मुले असत असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा जगलेल्यांची गणती करतो. जे तान्हेपणी गेले त्यांची नावे कोणत्या दाखल्यावर नसतात, आणि ज्या आईने त्यांना नऊ महिने वाहिले तिच्या शरीराची झीज तर कोणत्याच दप्तरात नोंदलेली नसते.

या ठिकाणी एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो: डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या मातापित्यांचे चौदावे अपत्य, तेव्हा संततिनियमन झाले असते तर हा महापुरुष जन्मालाच आला नसता. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्या चौदांपैकी तीन भाऊ आणि दोन बहिणी एवढीच वाचली. माता भीमाबाई भीमराव अगदी लहान असतानाच निवर्तल्या. पुढे बाबासाहेबांच्या स्वतःच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. आणि ज्यांच्या जन्माचा हवाला देऊन संततिनियमनाला विरोध केला जातो, त्यांनीच या विषयावर कोणती भूमिका घेतली? नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या सोयी उपलब्ध कराव्या असा ठराव मांडला. त्यावरील भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव बहुमताने फेटाळला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणजे हा निर्णय आमच्या आजी-पणजींच्याही बाबतीत झाला. आणि तुंगभद्रेपलीकडच्या म्हैसूर संस्थानात मात्र आठ वर्षे आधीच, १९३० साली, सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचा हुकूम निघालेला होता.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण येथे केल्यावाचून पुढे जाणे मला अशक्य आहे. इरावतीबाईंचे हे थोरले दीर. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले. त्यांच्यावरील १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात वकील म्हणून उभे राहिले ते आंबेडकरच. स्त्रीचे शरीर हे तिचे स्वतःचे आहे आणि मातृत्व तिने स्वेच्छेने पत्करावे, ही कर्व्यांची भूमिका होती. आज प्रजननदर १.७ वर आला तो सरकारी दंडुक्याने आला असे समजणे मला अन्यायाचे वाटते. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करून पाहिले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, आणि तरीही पुढच्या दशकांत कुटुंबे लहान झाली, कारण शाळा शिकलेल्या मुलींनी तसे ठरवले.

मोठ्या चुलीलाही दोष आहेत, आणि ते याच मुलींना ठाऊक आहेत. पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापणारे हात कोणाचे, पहिली पंगत कोणाची आणि शेवटची कोणाची, थोरल्या मुलीची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी कोणत्या इयत्तेत सुटली, कर्त्या पुरुषापाशी औषधाचे पैसे मागताना धाकट्या सुनेची जीभ का अडखळते, हे प्रश्न वार्ताहरांच्या वृत्तांतांत फारसे आढळत नाहीत. मिताक्षरेच्या परंपरेत जन्मसिद्ध हिस्सा मुलाला होता. मुलीला तो कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा दुरुस्त करून दिला. म्हणजे विज्ञानेश्वरानंतर नऊशे वर्षे लागली.

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. भाऊबंदांचे ऐक्य राखा म्हणावे, तर ज्या घरी एकच मुलगा किंवा एकच मुलगी, तेथे ऐक्य कोणाचे राखावयाचे? दोन पिढ्या एकेक अपत्य झाले की तिसऱ्या पिढीच्या मुलाला काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणीच उरत नाही, आणि मोठ्या घराने जे संरक्षण दिले ते देणारे मनुष्यबळच नाहीसे होते. ही हानी खरी आहे, आणि हुबळी-धारवाडच्या नव्या वसाहतींत, जेथे मुले बंगळूर-पुण्यास गेली आणि म्हातारी जोडपी दारे लावून बसली आहेत, ती मला रोज दिसते. उपाय माझ्या मते असा की चूल मोठी करताना लेकीला धरावे. आजवर एकत्र राहणे म्हणजे भावांनी राहणे, बहीण परक्याची. कायद्याने ती हिस्सेदार झाली, तशी ती घराचीही भागीदार होऊ शकते: बहीण-भाऊ, दोन बहिणी, विधवा मावशी, सासर-माहेरची वृद्ध माणसे, एका वाड्यात निरनिराळ्या खोल्यांत पण सामाईक स्वयंपाकावर राहू लागली, आणि स्वयंपाकाची पाळी पुरुषांवरही येऊ लागली, तर मोठ्या खटल्याचे बळ राहील आणि त्याचा सारा भार एकीच्याच डोक्यावर पडणार नाही. काही घरे या दिशेने चाललेली मी पाहिली आहेत. भावकीची कुजबुज सोसूनही ती सुखाने नांदतात.

ज्यांना हे पुरेसे वाटत नाही आणि ज्यांना तिसरे अपत्यच हवे आहे, त्यांना ते मागण्याचा अधिकार आहे. परंतु त्यांनी आधी प्रचलित कायद्याकडे पाहावे. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. दोन मुले हयात असताना तिसरे झाले तर ती १२ आठवडेच मिळते. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या अपत्याला मिळतात, दुसऱ्याला ते मुलगी असेल तरच, तिसऱ्याला काहीच नाही. महाराष्ट्रात तिसरे अपत्य झालेल्या स्त्रीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. शेतात मजुरी करणारीला तर पगारी रजाच मुळी नाही. बाळंतिणीची खोली सोडून ती शक्य तितक्या लवकर कापसाच्या वेचणीला जाते. संसदेच्या आणि विधिमंडळांच्या पुढच्या अधिवेशनांत ही कलमे बदलून घेण्याचा आग्रह अधिक अपत्यांचा उपदेश करणाऱ्या पुढाऱ्यांनी धरावा, आणि धारवाडच्या लोकप्रतिनिधींनी तो सर्वांआधी धरावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.