शाप कोण लिहितो?

गेल्या उन्हाळी सुट्टीत एक माउली धर्मगुरुनिवासात आल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन जुनी इंग्रजी पुस्तके त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली. "फादर, ह्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. पोरगी रात्री दिवा मालवू देत नाही. ह्यांत सैतान आहे. अशी पुस्तकं कुणी घरात आणू नयेत, हे रविवारी प्रवचनात सांगा," त्या म्हणाल्या. वाचल्यावाचून बोलणार नाही, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. पुढच्या तीन रात्रींत तिन्ही पुस्तके आम्ही वाचून काढली. त्यांना हवे होते ते प्रवचन आमच्याने झाले नाही. जे सांगणे आम्हांस प्राप्त आहे ते येथे सांगतो, आणि ते सर्वांनाच गोड लागेल असे नाही.

ही पुस्तके म्हणजे आर. एल. स्टाइन या अमेरिकन लेखकाची १९९३ साली निघालेली 'फिअर स्ट्रीट सागा' ही कादंबरीत्रयी. कथा १६९२ सालापासून सुरू होते. फियर घराण्यातील एक अधिकारी, मुलाचे प्रेम मोडावे म्हणून, गुड घराण्यातील निरपराध मुलीवर व तिच्या आईवर चेटुकाचा खोटा आरोप ठेवतो. दोघींना जिवंत जाळले जाते. मुलीचा बाप फियर घराण्याला शाप देतो आणि पुढे दोन शतके दोन्ही घरांची मुलेबाळे एकामागून एक बळी पडतात. १९०० साली या दोन घराण्यांतील तरुण-तरुणी विवाहबद्ध होतात. त्यांचा संसारही आगीतून सुटत नाही.

यांतील भुतांविषयी आमची तक्रार नाही. हडळ, मुंजा, वेताळ यांच्या गोष्टी आजीच्या कुशीत ऐकून आम्हीही गोधडीत तोंड लपविले आहे. त्यामुळे आमची श्रद्धा काही ढळली नाही. शिवाय स्टाइन दुष्टाईचा गौरव करतात, असेही म्हणता येत नाही. कथेतील ताईतावर, दुष्टतेतून सामर्थ्य मिळते, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत, आणि ज्याच्या गळ्यात तो पडतो त्याचा घात होतो. एवढी नीती त्यात आहे.

आमची तक्रार निराळी आहे. या दोन शतकांच्या कहाणीत कुणाला हळहळ वाटली तरी शाप मोडण्याचे बळ पश्चात्तापाला कोठेच नाही, क्षमेलाही नाही, आणि शेवटी प्रेमालाही नाही. शाप घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहतो. तुझे आडनाव हेच तुझे प्राक्तन, हा धडा चौदा वर्षांची मुलगी त्यातून घेते. दिवा मालवू न देण्याइतकी भीती वाटावी, असे यात काही असेल तर ते हेच.

आता खरा इतिहास पाहू. १६९२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, सेलम येथे, चेटुकाचे खटले खरोखरच चालले. तेथे कुणाला जाळले नाही. १९ जणांना फाशी दिले आणि एका वृद्धाला दगडांच्या भाराखाली चिरडून मारले. परंतु इतिहास तेथे थांबला नाही. खटल्यातील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहिले आणि दोष आपला असल्याची त्यांची कबुली सर्वांसमक्ष वाचली गेली. १२ वर्षांची असताना अनेकांवर आरोप करणारी अ‍ॅन पुटनम १७०६ साली आपल्या गावच्या चर्चमध्ये तशीच उभी राहिली. दुसरे एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न यांचे वंशज म्हणजे कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न. पूर्वजाचा कलंक त्यांनी झाकला नाही. १८५१ साली 'द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स' ही शापित घराण्याचीच कथा त्यांनी लिहिली. पण तिच्या शेवटी वैरी घराण्यांतील दोन तरुण जीव एकत्र येतात आणि शाप संपतो. २०२२ साली सेलमच्या खटल्यांतील एलिझाबेथ जॉन्सन हे शेवटचे नाव कायद्याने निर्दोष ठरले, आणि त्यासाठी खटपट केली ती मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या वर्गाने. तीनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचा वारसा त्या मुलांकडे शाप म्हणून आला नाही, कर्तव्य म्हणून आला.

वाचकहो, आता आपल्या अंगणात यावे. सातबाऱ्यावरील एका नावावरून, सामाईक विहिरीवरून, हातभर बांधावरून तीन-तीन पिढ्या अबोला धरलेली घरे आपल्या धर्मग्रामांत नाहीत काय? एकाच बाकावर बसून धर्मशिक्षण घेणाऱ्या चुलत भावंडांना, "त्यांच्या घरचं पाणी पिऊ नकोस," असे कोण सांगते? ते स्टाइन साहेब सांगत नाहीत. त्यांच्या पुस्तकाची किंमत फार तर काही रुपये. ही कादंबरी आपण मुलांना फुकट आणि रोज वाचून दाखवितो. त्या माउलीच्या घराविषयी आम्ही येथे काही बोलणार नाही. प्रत्येकाने आपापले घर आठवावे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, ही शापकथा आता प्रार्थनेचा वेष घेऊन येते. एखाद्या घरी लागोपाठ आजार आले, लग्ने मोडली, की पणजोबांचे पाप शोधून वंशवृक्ष 'बरा' करण्याचा सल्ला दिला जातो. पोलंडच्या धर्माध्यक्षांनी २०१५ साली अशा उपासनांना मनाई केली. स्पेनच्या धर्माध्यक्षांच्या सैद्धांतिक आयोगाने २०२४ साली त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. यावर निर्गम ग्रंथातील तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या वचनाकडे बोट दाखविले जाते. पण तेथेच हजारो पिढ्यांवरील दयेचा उल्लेख आहे, तो का गाळावा? पुत्राने पित्याच्या अधर्माचा भार वाहू नये, हे यहेज्केल संदेष्ट्याने निक्षून सांगितले आहे. जन्मांध माणसाचे अंधत्व कुणाच्या पापामुळे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने त्या माणसाला किंवा त्याच्या आईबापांना दोषी ठरविले नाही. त्याला दृष्टी दिली. आदिपापसुद्धा वंशजांचा वैयक्तिक अपराध नव्हे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. वाडवडिलांच्या व्यसनांचे, कर्जाचे, क्रौर्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात हे खरे. पण परिणाम म्हणजे अपराध नव्हे.

आमचा दोषही आम्ही झाकत नाही. फार वर्षांपूर्वी एका घरात थोड्या काळात तीन मृत्यू झाले. शेजारी शापाची भाषा बोलू लागले. घर आशीर्वादित करण्यास आम्हांस बोलावले. आम्ही गेलो, तीर्थ शिंपडले आणि परतलो. या घरावर शाप नाही, हे एक वाक्य ओसरीवर उभे राहून मोठ्याने बोलावयास हवे होते. ते आम्ही बोललो नाही. आमचे मौन ही संमती ठरली आणि त्या घरच्या मुलींची लग्ने जुळण्यास किती त्रास झाला, हे आम्ही पुढे पाहिले.

म्हणून ती पुस्तके आम्ही जाळली नाहीत. ज्या कथेत सारे अनर्थ जाळण्यापासून सुरू झाले, तिच्यावर आणखी आग हा उपाय नव्हे. पुस्तके आम्ही त्या मुलीला परत केली आणि सेलममध्ये पुढे काय घडले ते तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, मग आमच्याकडे पहिल्यांदा कुणी उभं राहायचं?"

उत्तर आम्ही तिच्या वडीलधाऱ्यांवर सोपवीत आहोत. प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही दर शनिवारी चर्चमध्ये बसलेलो असतो. परंतु शेजारच्या ओसरीपर्यंत ज्याचे त्यानेच चालत जावयाचे आहे.