कुत्र्याला मांस द्या, पण शिजवून!

"डॉक्टर, आमच्या कुत्र्याला कच्चे मांस सुरू करायचे आहे. किती द्यावे?" पूर्वी हा प्रश्न मला वर्षातून एखादा माणूस विचारत असे. आता आठवड्याला दोघे-तिघे तरी विचारतात. काही जण विचारण्याच्या भानगडीत न पडता सुरू करून मोकळे होतात आणि मग जुलाबाने गळालेले जनावर घेऊन दवाखान्यात येतात. मोठ्या शहरांत तर गोठवलेल्या कच्च्या मांसाची पाकिटे खास कुत्र्यांसाठी म्हणून विकली जातात. आपल्याकडे पाकीट नसले तरी कोपऱ्यावर चिकनचे दुकान आहेच.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याच्या ताटाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात त्याचे ताट हा साऱ्या कुटुंबाच्या आरोग्याचा विषय असतो. तो कसा, ते पुढे पाहू.

मूळ कल्पना कोठली?

इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यांनी १९९३ साली एक पुस्तक लिहिले आणि कुत्र्यांना कच्चे मांस व कच्ची हाडे द्यावीत, असा पुरस्कार केला. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा काही चूल पेटवत नाही, तेव्हा कुत्र्यालाही कच्चेच मानवते, असा हा साधा सरळ युक्तिवाद. ऐकायला तो पटतो, म्हणूनच जगभर पसरला.

या मंडळींचे एक म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्याकडची असंख्य कुत्री दूध-पोळी आणि वरण-भातावर जगतात. जगतात, पण धड पोसली जात नाहीत. प्रौढ कुत्र्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळता, किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या आहारात साडेबावीस टक्के प्रथिने असावीत, असे अमेरिकेतील मानक सांगते. गव्हात ती ११-१२ टक्के असतात, तांदळात ७-८ टक्के. शिवाय धान्यातील प्रथिने मांसाइतकी परिपूर्ण नसतात. असे कुत्रे मांसावर आणले की महिना-दोन महिन्यांत त्याचे केस चमकू लागतात, अंगावर मास धरते, ते हुशार दिसू लागते. मालक म्हणतो, "बघा, कच्च्याची जादू!" माझे म्हणणे इतकेच, की हा गुण मांसाचा आहे, कच्चेपणाचा नाही. तेच मांस उकडून दिले असते तरी केस तसेच चमकले असते.

लांडग्याचा दाखला

कुत्रा लांडग्यापासून आला हे खरेच. पण माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून तो बदलला. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचवणारे रस तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत आढळतात. म्हणजे भाकरीचा तुकडा पचवण्याची सोय निसर्गानेच त्याच्या पोटात करून दिली आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवरची कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरी खाऊन राखण करीत आली, ती उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट. लांडगा खातो ती ताजी शिकार, तीही रानात. ती सकाळी कापून दुपारपर्यंत उघड्यावर टांगलेली नसते, आणि लांडगा खाऊन झाल्यावर कोणाच्या मुलाचे तोंड चाटायला येत नाही.

नुसत्या मांसाने हाडे ठिसूळ

कच्च्या आहाराच्या नावाखाली आपल्याकडे बहुधा बिनहाडाचे चिकन किंवा खिमा दिला जातो. १०० ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १०-१२ मिलिग्रॅम असते. शरीराला हे दोन्ही निदान समप्रमाणात लागतात. कॅल्शियम थोडे अधिकच. अन्नातून कॅल्शियम मिळाले नाही, की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांत हा हिशेब लवकर उघडा पडतो. तीन-चार महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू लंगडू लागते, पुढचे पाय वाकतात, पलंगावरून उडी मारल्याचे निमित्त होऊन हाड मोडते. मालक शपथेवर सांगतो, की "डॉक्टर, याला रोज अर्धा किलो चिकन घालतो हो!" माया कमी नसते, पण कॅल्शियम कमी पडलेले असते. आणि शिजवलेल्या मांसालाही हा नियम लागू आहे, हे ध्यानात ठेवावे.

जंतू कुत्र्याला नाही, तर घराला

कच्च्या मांसावर साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय असे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या पाहणीत, पाळीव प्राण्यांसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरियाचा धोकादायक प्रकार सापडला. ही तेथील गोठवलेल्या, बंद पाकिटांची गत. आपल्या दुकानात तर तोच सुरा, तोच ओंडका आणि तेच बादलीतले पाणी दिवसभर चालते. फ्रीजरमध्ये ठेवले म्हणजे जंतू मेले, हाही गैरसमज आहे. थंडीने त्यांची वाढ थांबते, ते नाहीसे होत नाहीत.

"पण आमचा टॉमी तर ठणठणीत आहे," असे उत्तर मिळते. असेलही. कुत्र्याच्या पोटातले आम्ल तीव्र असते आणि पुष्कळदा त्याला काहीही होत नाही. धोका तेथेच आहे. दिसायला निरोगी असलेले कुत्रे हे जंतू विष्ठेतून दिवसेंदिवस बाहेर टाकत राहते. त्याचे तोंड, पंजे, भांडे, ज्या मोरीत ते भांडे विसळले जाते ती मोरी, सगळीकडे ते पोहोचतात. धडधाकट माणसाला दोन दिवस जुलाब होऊन भागते. पण पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, म्हातारी माणसे, कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण यांच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली, ती कुत्र्यांइतकीच माणसांच्याही काळजीने.

अलीकडचे उदाहरण आपल्या राज्यातले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. खाद्य म्हणून दिलेल्या मांसातून विषाणू आला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. मांजरकुळाला या रोगाची बाधा कुत्र्यांपेक्षा सहज होते, हे खरे. म्हणून ज्या घरात मांजर आहे तेथे तर कच्च्या कोंबडीचा विचारही नको.

वजडीतला छुपा शत्रू

सर्वांत महत्त्वाचे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजावर आणि फुफ्फुसांवर कधी कधी पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात. खाटीक तो भाग गिऱ्हाइकाला देत नाही, कापून बाजूला टाकतो. तो उचलतो कुत्रा. कधी रस्त्यावरचा, तर कधी 'स्वस्तात मिळाले' म्हणून मालकाने पिशवीतून नेलेला भाग घरचा कुत्रा खातो. त्या फोडात एका पट्टकृमीचे अंकुर असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे तांदळाच्या दाण्याहून लहान कृमी होतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास होत नाही. अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, तेथून हाताला आणि हातातून पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशीच पाण्याची गाठ धरते. तिला हायडॅटिड म्हणतात. ती इतकी सावकाश वाढते, की लहानपणी झालेली बाधा तरुणपणी लक्षात यावी. पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि गाठ आत फुटली तर प्राणावर बेतते.

न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. तेथे या रोगाने कहर केला होता. १९५९ साली त्यांनी खास कायदा केला, कुत्र्यांना नियमित जंताचे औषध दिले, कच्ची आतडी-काळीज खाऊ घालण्यावर बंदी आणली आणि २००२ साली देश या रोगातून जवळजवळ मुक्त झाल्याचे जाहीर केले. कुत्र्याच्या ताटातून कच्ची वजडी काढून टाकणे हा त्या लढाईचा गाभा होता. ज्या गोष्टीतून बाहेर पडायला त्यांना चाळीस वर्षे लागली, तिलाच आपण नवी फॅशन म्हणून घरात घ्यावी काय? आपल्या गावी खाटीकखान्याचा कचरा नाल्याकाठी उघड्यावर पडतो, त्याबद्दल नगरपालिकेला जाब विचारण्याची गरजही येथूनच सुरू होते.

मग करावे काय?

मांस जरूर द्या. मात्र आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवून द्या. काळीज, वजडी द्यायची तर अर्धा तास खळखळून उकळा, आणि काळीज आठवड्यातून एकदा, थोडेच. १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ७०० कॅलरी लागतात. २०० ग्रॅम बिनहाडाचे चिकन, मोठी वाटीभर भात, थोडा लाल भोपळा, दुधी किंवा गाजर आणि चमचाभर तेल यांत ते भागते. कॅल्शियमसाठी अंड्याचे कवच उकळून, वाळवून, मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक करावे आणि रोज सपाट अर्धा चमचा मिसळावे. बाकीच्या खनिजांची पूड आपल्या पशुवैद्यांना विचारून द्यावी. पिल्लांचे प्रमाण निराळे असते. तेथे अंदाजाने काही करू नये. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, म्हणून घरच्या रश्श्यातले मटण त्याला नको.

शिजवलेली हाडे मात्र कधीही देऊ नयेत. त्यांच्या टोकदार कपच्या होतात आणि आतडे फाडतात. कच्ची हाडे तशी फुटत नाहीत म्हणून ती सुरक्षित, असे कोणी सांगेल; पण कच्च्या नळीवर दात मोडलेली आणि हाडांच्या चुऱ्याने शौचाला कुंथणारी कुत्री मी नेहमी पाहतो.

आहार बदलताना आठ-दहा दिवस घ्या. जुने थोडे थोडे कमी करा, नवे वाढवा. ज्यांनी कच्चे आधीच सुरू केले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. उद्यापासून तेच मांस शिजवायला घ्या आणि कुत्र्याला जंताचे औषध द्या. ते देताना पट्टकृमीवर चालणारे आहे ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्रत्येक जंताची गोळी त्यावर चालत नाही. ज्या कुत्र्याला खाटकाकडचे अवयव बाहेर सापडतात त्याला हे औषध दर सहा आठवड्यांनी द्यावे लागते. आणि कुत्र्याला हात लावल्यावर जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावा.

एवढ्यावरही कोणी म्हणेल, की रोज कुत्र्यासाठी वेगळे शिजवायला वेळ कुणाला आहे? त्यांनी रविवारी आठवड्याचे मांस एकदम उकडून, रोजच्या वाटण्या करून फ्रीजरमध्ये ठेवावे. कुकरच्या चार शिट्ट्यांचे काम आहे. तेवढा गॅस घरातल्या लेकरांसाठी जाळायला हरकत नसावी.