ताकद इंजिनात, भार कन्व्हर्टरवर

दिवाळी अंकात टॉर्क कन्व्हर्टर कशाला, असं म्हणून पान उलटू नका. आपल्या मंडळातल्या निदान काही घरांच्या गॅरेजमध्ये सध्या याच विषयावरून धुसफूस चालू आहे. मुलगा किंवा मुलगी शनिवारभर गाडीखाली असते, हात काळे असतात, आणि आपण स्वयंपाकघरातून विचारतो, "हे नसते उद्योग कशाला?" माझं मत असं, की उद्योग नसते नाहीत. फक्त क्रम चुकतोय, आणि काही गोष्टी लपवल्या जातायत. ज्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, त्यांनी हा लेख आईबाबांकडून वाचून घ्यावा. तेवढ्या निमित्ताने दोघं एका जागी बसतील.

आपण गावसकर-विश्वनाथवर जसे तावातावाने भांडायचो, तशी इथली पोरं फाल्कन आणि कमोडोरवर भांडतात. फोर्डने ब्रॉडमेडोजचा कारखाना ऑक्टोबर 2016 मध्ये बंद केला, होल्डनने एलिझाबेथचा ऑक्टोबर 2017 मध्ये. आता या गाड्या जुन्या बाजारात मिळतात आणि तरुणांच्या हातात येतात. उदाहरण म्हणून 2008 सालची एफजी फाल्कन एक्सआर6 टर्बो घ्या. चार लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन, 270 किलोवॅट ताकद, 533 न्यूटन मीटर टॉर्क. ऑटोमॅटिक घेतली तर मागे जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा 6एचपी26 बॉक्स. त्याची मर्यादा साधारण 600 न्यूटन मीटर. म्हणजे कारखान्यातून निघतानाच शिल्लक फार नाही. मग कोणीतरी लॅपटॉप लावून इंजिन ट्यून करतं, टर्बोचा दाब वाढवतं, आणि ती शिल्लक एका दुपारी संपते.

हा वाढलेला जोर सगळ्यात आधी सोसतो तो टॉर्क कन्व्हर्टर. तेलाने भरलेलं, बंद, कढईएवढं भांडं. पातेल्यात ताक जोरात घुसळलं की बाजूला धरलेली पळीही ढकलली जाते ना, तत्त्व तेच. इंजिनाला जोडलेली पाती तेल फिरवतात, ते तेल गिअरबॉक्सची पाती फिरवतं. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं. ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी जागेवरून हलताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र बांधतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. (आपल्या पिढीला 'गिअर नसलेलं वाहन' म्हटलं की कायनेटिक होंडा आठवते. तिच्यात मात्र पट्टा होता, हे भांडं नव्हतं.)

जोर वाढला की तो लॉक-अप क्लच घसरू लागतो. त्याचा चुरा तेलात मिसळतो आणि गिअरबॉक्सच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. जास्त दाबाने भांडं फुगतंही, आणि फुगलेलं भांडं इंजिनाच्या क्रँकला पुढे रेटतं. म्हणून मजबूत कन्व्हर्टरमध्ये पुढचं झाकण अखंड धातूतून कापलेलं असतं, पाती पक्की जोडलेली असतात आणि लॉक-अपला एकाऐवजी अनेक चकत्या असतात. खर्च काही हजार डॉलरचा. आणि दिसत काहीच नाही! बॉनेट उघडून मित्रांना दाखवायला टर्बो असतो, कन्व्हर्टर दाखवता येत नाही. क्रम चुकतो तो इथेच. मुलांनो, आधी कन्व्हर्टर आणि तेलाचा कूलर, मग ताकद. उलट केलंत तर दोन्हींचे पैसे जातील, वर गिअरबॉक्सचेही.

आणखी एक. 'हाय स्टॉल' म्हणजे जास्त चांगला, असा समज सोडा. स्टॉलचा आकडा वाढवला की इंजिन जास्त फेऱ्यांवर जाऊन मग गाडी ओढतं. ड्रॅगच्या पट्टीवर ते कामाचं. पण सकाळी पापाकुरापासून शहरापर्यंत सरकत सरकत जाताना तोच कन्व्हर्टर तेल तापवतो आणि पेट्रोल पितो. रोजच्या गाडीला मूळच्यापेक्षा थोडाच वरचा स्टॉल आणि दणकट लॉक-अप पुरे. हे सांगणारा दुकानदार तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, पण काम त्याच्याकडेच द्या.

आता आईबाबांनो, तुमच्यासाठी. न्यूझीलंडमध्ये गाडीचा विमा सक्तीचा नाही. अपघातात माणसाला इजा झाली तर एसीसी आहे, पण समोरच्याच्या गाडीचं नुकसान आपल्याच खिशातून जातं. विमा असला आणि केलेले बदल कंपनीला कळवलेले नसले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. पुष्कळ घरांत पॉलिसी वडिलांच्या नावावर असते आणि बदल वडिलांनाच माहीत नसतात. मुलं का लपवतात? कारण सांगितलं की व्याख्यान मिळतं. व्याख्यान बंद करा, बिलं बघायला मागा. ताकद बरीच वाढवायची असेल तर लो व्हॉल्यूम व्हेइकल प्रमाणपत्र लागेल का, हे पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र देणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. नंतर वॉरंट ऑफ फिटनेसच्या वेळी कळण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर जोर दाखवण्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. 2003 च्या कायद्यापासून रस्त्यावर शर्यत लावणं किंवा मुद्दाम टायर फिरवत ठेवणं यासाठी पोलीस गाडी 28 दिवस जप्त करतात, आणि परवानाही जातो. पुकेकोहेचा ट्रॅक एप्रिल 2023 मध्ये मोटार शर्यतींसाठी बंद झाला हे खरं, वाईटही वाटलं. पण मेरेमेरेची पाव मैलाची पट्टी आणि हॅम्प्टन डाउन्स ऑकलंडहून तासाभराच्या आत आहेत. एकदा मुलाबरोबर तुम्हीही जा. डबा घेऊन जा, तिथे बसायला जागा असते. परत आल्यावर तेल किती तापलं होतं हे त्याला विचारा. आकडा त्याच्या तोंडावर असेल तर पुढच्या खर्चाचं बोलायला हरकत नाही.