रोपं नव्हे, माती मोजा

चंद्रपूर जिल्ह्यात दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, माजरी या पट्ट्यात कुठेही गेलात तरी क्षितिजावर सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. ते निसर्गाचे नाहीत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी उघड्या खाणीतून उपसलेला दगड-माती-मुरूम तिथे रचलेला आहे. खाणीत काम करणारे त्याला नुसतं ‘ओबी’ म्हणतात. दर पावसाळ्यात या ढिगांवर वृक्षारोपण होतं आणि लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो. माझं म्हणणं असं की हा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. खाणीच्या जागी जंगल परत येईल की नाही, हे रोप लावण्याच्या दिवशी ठरत नाही. खाणीचा पहिला फावडा पडतो तेव्हा वरची फूटभर माती कुठे गेली, यावर ते ठरतं.

ढिगाचा माथा जवळून पाहिला की हे कळतं. डंपरच्या चाकांनी तो इतका दाबला गेलेला असतो की पावसाचं पाणी मुरतच नाही, उतारावरून घळी पाडत निघून जातं. बारीक माती वाहून जाते, इरईसारख्या नदीच्या पात्रात साचते, आणि मागे खडी उरते. अशा जमिनीत खड्डा खणून पिशवीतलं रोप लावलं तर त्याची मुळं खड्ड्याच्या कडेला अडतात आणि आतल्या आत गोल फिरतात. दोन पावसाळे ते तग धरतं; मग चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा त्याला पेलवत नाही. टिकते ती सुबाभूळ, नाहीतर कुणी न लावता पसरलेली वेडी बाभूळ. लांबून दोन्ही हिरव्याच दिसतात. पण वेड्या बाभळीच्या दाट जाळीखाली चितळाला चरायला गवत उगवत नाही.

वरच्या मातीत काय असतं? गवताचं आणि झुडपांचं बी, मुळांना अन्न पुरवणारी बुरशी, जिवाणू, गांडुळं. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅरा वृक्षांच्या जंगलात बॉक्साइटच्या खाणी आहेत. तिथे एका खड्ड्यावरची माती काढून ती शक्यतो लगेच शेजारच्या भरलेल्या खड्ड्यावर पसरतात, कारण बियांचा बहुतेक साठा वरच्या काही सेंटिमीटरमध्ये असतो आणि ढीग करून ठेवला की मरतो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांचा धडा उलटा आहे. 1977च्या कायद्यानंतर तिथल्या कोळसा कंपन्यांनी दरड कोसळू नये म्हणून जमीन ठोकून घट्ट केली आणि तिच्यावर झपाट्याने वाढणारं परकं गवत पेरलं. कागदावर काम पूर्ण झालं, पण झाडं वाढेनात. अखेर तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, वरचा चार फुटांचा थर सैल ठेवा आणि झाडांना दाबून टाकणारं गवत पेरू नका.

आपल्याकडे ज्ञान नाही असंही नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्याची प्रेसमड आणि उपयुक्त जिवाणू-बुरशी वापरून झाडं उभी करून दाखवली. कायदाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी, नागपूरचेच शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, खाणपट्टेधारकांनी खाणकाम थांबल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य करावी, अशी अट घालायला सरकारला सांगितलं. न्यायालयाने नाव घेतलं ते गवताचं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या पानझडी जंगलात गवत हेच चितळ-नीलगाईचं आणि गावच्या गुरांचंही पोट आहे.

खाणवाले म्हणतात, उघडी खाण वीस-तीस वर्षं चालते, तोवर माती जपायची कशी? बॉक्साइटचे खड्डे उथळ, कोळशाचे खोल, हा फरक मला मान्य आहे. पण खाण एका बाजूने पुढे सरकते तेव्हा मागची बाजू भरत आणता येते. नवी काढलेली माती तिथेच पसरता येते. कोळसा खाणींना बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवावेच लागतात आणि टप्प्याटप्प्याने झालेल्या कामाच्या तपासणीनंतर त्यातला काही भाग परत मिळतो. त्या तपासणीत रोपांऐवजी मातीची खोली आणि देशी गवताचे प्रकार मोजले, तर पैशाला दिशा मिळेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो खाणवाल्यांचा नाही, तिथे राहणाऱ्यांचा आहे. ताडोबाचं वाघांचं जंगल हाकेच्या अंतरावर असताना वस्तीजवळ अजून जंगल कशाला? 2022च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि लगेचच दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. त्या भीतीपुढे कुठलाही युक्तिवाद सांभाळूनच करायला हवा. पण वाघ-बिबटे तिथे आधीच आहेत. त्यांना लपायला वेड्या बाभळीची जाळी आहे, खायला हरीण नाही. म्हणून ते वस्तीतल्या कुत्र्या-डुकरांमागे येतात. घरांलगतची जाळी काढायलाच हवी, आणि चरणारे प्राणी टिकतील अशी गवताळ जमीन वस्तीपासून दूरच्या, जंगलाला लागून असलेल्या ढिगांवर तयार करायला हवी.

तुमच्या भागात नव्या खाणीची किंवा विस्ताराची जनसुनावणी लागली, तर जरूर जा. किती झाडं लावणार हे विचारू नका. वरची माती कुठे ठेवणार, किती महिने ठेवणार आणि कुठल्या जागेवर परत पसरणार, याचं उत्तर लेखी मागा.